आक्काचा गोल

नवरीला पहिल्याच दिवशी वाटलं होतं की आपली नणंद वेडी आहे. हे ती आता कुणालाही सांगते, आणि सांगताना इतकी हसते की ऐकणाऱ्याला निम्मं कळतच नाही.

आता ही नवरी म्हणजे कोणी कोवळी पोर नव्हे, बरं का. सत्तेचाळीस वर्षांची बाई, लेक तिच्याहून वीतभर उंच. पण घरात पाऊल टाकलं त्या दिवशी मोठ्या नणंदेने, आक्काने, "काय गं नवरी" अशी हाक मारली ती मारली. बावीस वर्षं झाली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, नवरी आपली नवरीच.

तर तो पहिला दिवस. पहाट फुटत होती. पुढच्या खोलीची खिडकी उघडली की समोर सार्वजनिक मैदान. नवरी दात घासत खिडकीशी उभी राहिली आणि पाहते तो काय, मैदानात तिची उंच, काटकुळी नणंद एकटीच. चार पावलं तुरुतुरु चालली. गप्पकन थांबली. मान पुढे काढली, एक पाय तसाच उचललेला, डोळे जमिनीवर. मग पुन्हा चार पावलं. पुन्हा थांबली. मग चक्क पालथी पडून गाल जमिनीला टेकवला आणि एक डोळा मिटला.

नवरीने घाईघाईने जाऊन नवऱ्याला हलवलं. "अहो, उठा! तुमच्या बहिणीला काहीतरी झालंय."

त्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं. "काही झालं नाही. मधली रेष मारतेय."

नवरीला वाटलं, हे त्या आजाराचं नाव. "किती वर्षांपासून?"

"अठराव्या वर्षापासून."

"आणि तुम्ही लग्नाआधी सांगितलं नाहीत?"

संध्याकाळी तर कहरच झाला. दिवेलागणीला मैदानातून अशी किंकाळी आली की नवरीच्या हातातली वाटी पडली. आधी एक बारीक शीळ, मग दुसरी, मग एकावर एक चढत चढत गळा फाटेपर्यंत. नवरीला वाटलं, झालं, हीपण आक्काच. पण आक्का तर शेजारी बसून कांदा चिरत होती. "घाबरू नको गं, टपोऱ्या आहे तो," ती म्हणाली. "भूक लागली की ओरडतो."

टपोऱ्या! नवरीने रात्रभर विचार केला, की हा टपोऱ्या आहे तरी कोण, आणि बिनलग्नाच्या नणंदेच्या घरासमोर येऊन रोज भुकेने ओरडतो कशाला.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. टपोऱ्या हा पक्षी होता. आणि आक्का त्या मैदानाची फक्कीवाली.

फक्की म्हणजे खेळाच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखतात ती पूड. आक्काकडे तळाला भोकं पाडलेला एक डबा, दोन खुंट्या आणि एक लांब दोरी. बस, एवढाच संसार. खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, दोरीच्या कडेने डबा हलवत जायचं, चार पावलांवर थांबून बघायचं. शेवटी गाल जमिनीला लावून एका डोळ्याने रेष तपासायची. कोपरापर्यंत हात पांढरे, भुवया पांढऱ्या, शिंकली तरी पांढरा ढग. उन्हं वर आली की वारा सुटतो आणि पूड उडते, म्हणून काम सगळं पहाटे.

आणि रेष कशी? सुरीने कापल्यासारखी. आक्काच्या अंगात दुसरा कुठला गर्व नाही, पण रेषेवर कोणी बोललं की संपलं. लग्न का नाही केलंस विचारलं की म्हणायची, "दोन स्थळं आली होती. दोघेही चालताना तिरपे चालायचे."

पहाटेच्या कामामुळेच तिची आणि टपोऱ्याची ओळख. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक पडीक तुकडा होता. खडे, वाळकं गवत, दोनचार खुरटी झुडपं. तिथे हे जोडपं राहायचं. पुस्तकात ह्या पक्ष्याला करवानक म्हणतात, असं नवरीच्या लेकीने शाळेतून शोधून आणलं. आक्का म्हणाली, "पुस्तकात काही का म्हणेनात. डोळे बघ त्याचे, लिंबाएवढे. टपोऱ्याच तो."

कोंबडीपेक्षा जरा लहान. अंगावर मातीचे, खड्यांचे, वाळक्या गवताचे सगळे रंग ओढून घेतलेले. पाय लांब, पिवळे, मधोमध गाठ. चार पावलं पळायचं, थांबायचं, मान काढून बघायचं, पुन्हा चार पावलं. आता कळलं ना नवरी का हसते? आक्का आणि टपोऱ्या दोघांची चाल एकच. कोण कोणाकडून शिकलं, हा घरातला जुना वाद.

दिवसभर हा गृहस्थ झुडपाच्या सावलीत बसून राहणार. माणूस जवळ आलं तरी उडायचं नाव नाही. उलट मान लांब करून जमिनीवर सपाट टाकायची आणि दगड व्हायचं. सूर्य बुडाला की साहेबांचा दिवस सुरू. मग कापलेल्या गवतात येऊन किडे, भुंगेरे, पाली, जे मिळेल ते फस्त. घर बांधायचा तर इतका आळस, की काडी म्हणून आणायची नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी, तीही खड्यांच्या रंगाची, ठिपकेवाली. नवराबायको पाळीपाळीने बसणार. "नवरा पाळीने बसतो," हे वाक्य आक्का भावाकडे बघून मुद्दाम दोनदा म्हणायची.

अंडी अशी उघड्यावर, आणि मैदानात रोलर फिरणार, गवत कापायची गाडी फिरणार. म्हणून दर उन्हाळ्यात आक्का अंड्यांभोवती फक्कीचा एक गोल काढायची. पाच पावलं लांबून, अंड्यांना प्रदक्षिणा घातल्यासारखा. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, कोपऱ्यात गोल दिसला की गाडी वळवायची. कागद नाही, हुकूम नाही. अठरा वर्षांत एक अंडं फुटलं नव्हतं. आणि एक गोष्ट आक्काने फक्त नवरीला सांगितली होती. हा एकच गोल ती दोरीशिवाय काढायची. मधे खुंटी ठोकायची कुठे? अंड्यांवर? त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी, नुसत्या पावलांनी.

असं सगळं सुरळीत चाललेलं. मग आले नवे साहेब.

मैदानाचे नवे साहेब तसे वाईट नव्हते. पण कागदावर त्यांचा इतका जीव, की समोर पाऊस पडत असला तरी कागद बघून छत्री उघडतील. मैदानावर रात्री खेळ व्हावेत म्हणून चार कोपऱ्यांत चार दिव्यांचे खांब उभे करायचे ठरलं. आता जागेवर कुठले प्राणीपक्षी राहतात ते आधी बघून लिहावं लागतं म्हणे. चांगला नियम. नवरीला तर फार आवडला. ती म्हणाली, "बघा आक्का, टपोऱ्याचं नाव आता सरकारात लागणार."

बघायला आले कधी? भर दुपारी बारा वाजता! साहेब आणि तीन माणसं, चौघांच्या चार छत्र्या. रात्री फिरणाऱ्या पक्ष्याला मोजायला दुपारी बाराला. रातपाळीच्या माणसाच्या घरी दुपारी जायचं, तो झोपलेला बघायचा आणि लिहायचं की इथे कोणी कामाला जात नाही, त्यातली गत.

आक्का मुद्दाम थांबली होती. म्हणाली, "साहेब, तो बघा."

"कुठे?"

"तुमच्या बुटापासून आठ पावलांवर. झुडपाच्या डावीकडे."

साहेबांनी बघितलं. चौघांनी बघितलं. टपोऱ्याची बायको अंड्यांवर मान टाकून सपाट झालेली, डोळे अर्धे मिटलेले.

"बाई, तो दगड आहे," साहेब म्हणाले.

"दगडाला डोळे आहेत."

"ऊन फार आहे. तुम्ही सावलीत बसा जरा."

आणि लिहिलं काय? "पक्षी आढळले नाहीत." सही. शिक्का. पंधरा मिनिटांत काम फत्ते, लिंबूपाणी पिऊन मंडळी घरी. नवरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "अहो आक्का, बोलला का नाहीत काही?" आक्का म्हणाली, "बोलले ना. सावलीत बस म्हणाले."

पुढचं ऐका. खांबांच्या जागा दाखवायच्या तर हाताशी आक्का होती. पण साहेबांनी ते काम दिलं ठेकेदाराच्या मुकादमाला. त्याच्या माणसांनी पण मुहूर्त काढला दुपारचाच. चार कोपऱ्यांत मुठीने फक्की टाकून चार गोल केले. गोल कसले, पीठ सांडलं होतं. पडीक कोपऱ्यातलं पीठ तर वाऱ्याने तासाभरात उडालं.

आता कोपऱ्यात गोल उरला एकच. आक्काचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी खिडकीशी इस्त्री करत होती. हा तिचा धंदा. गल्लीतले कपडे, खेळाडूंचे कपडे, आणि त्या दिवशी टेबलावर खुद्द साहेबांचा पांढरा शर्ट. आक्का मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या रेषा मारत होती, पाठ इकडे. नवरीने मान वर केली, तर खोदायचं मशीन धूर सोडत पडीक कोपऱ्याकडे निघालेलं. पुढे मुकादम उलटा चालत हात हलवतोय, ये, ये, अजून ये. आणि येतोय कुठे? सरळ गोलात!

नवरीने इस्त्री तशीच सोडली आणि पळत सुटली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा धावली असेल. "आक्का! अहो आक्का! टपोऱ्या!" तिच्या हाकेने आक्का वळली. डबा टाकला. आणि मग त्या बाईने मैदान असं कापलं, की शर्यतीला आलेली शाळेची मुलं टाळ्या वाजवायला लागली.

मशीन गोलाच्या कडेशी पोचलं आणि आक्का गोलाच्या कडेशी पोचली, दोन्ही एकदमच. मशीनसमोर हात पसरून उभी राहिली. मुकादमाचा एक पाय रेषेवर.

"मावशी, बाजूला व्हा. खड्डा आहे इथे."

"खड्डा तुझ्या डोक्यात आहे. अंडी आहेत इथे."

"खूण आहे ना ही? फक्कीची? साहेब म्हणाले, फक्कीचा गोल दिसेल तिथे खण. आणि एवढा सुबक गोल म्हणजे सरकारीच असणार."

"अरे बाबा, तो मी काढलाय. तुमच्या खड्ड्यासाठी नाही, तिच्यासाठी. ती बघ."

"तो दगड आहे मावशी."

"असं? मग उचल बरं तो दगड."

मुकादम हसला. चार पावलं आत गेला, वाकला, हात पुढे केला. दगडाने दोन पिवळे डोळे उघडले, उभा राहिला, दोन्ही पंख पसरून खस्सकन अंगावर आला. मुकादम मागच्या मागे असा बसला, की टोपी एकीकडे आणि चप्पल एकीकडे. नवरी धापा टाकत तिथे पोचली ती नेमकी हे बघायला. "आयुष्यातली सगळी इस्त्री वसूल झाली," ती म्हणते.

मग साहेब आले. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? दुपारी मोजणाऱ्याची? पीठ सांडणाऱ्याची? छे! चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेब आक्कावर उखडले. "सार्वजनिक मैदानात तुमच्या मनाने खुणा करता? तुमच्यामुळे ठेकेदाराची दिशाभूल झाली."

"साहेब, खांबाची खरी जागा इथून बारा पावलांवर आहे. नकाशा बघा."

साहेबांनी नकाशा बघितला. बारा पावलंच होती. त्यामुळे ते अजून चिडले.

"मग बारा पावलांवर खणू."

"बारा पावलांवर हे मशीन दिवसभर घरघरलं तर ती अंडी सोडून जाईल. पंचवीसेक दिवस लागतात साहेब. सतरा झालेत. आठ दिवस थांबा फक्त. पिल्लं निघाली की ती आपल्या पायाने चालत जातात."

"कागदावर इथे पक्षी नाहीत. जे कागदावर नाही, त्याच्यासाठी काम थांबत नाही. उद्या सकाळी खणायचं." मग जाता जाता, खरं तर काही गरज नव्हती, पण माणसाला शेवटचा शब्द हवा असतो ना, ते म्हणाले, "दोरी आणि डबा जमा करा. आणि बाई, तो गोल तरी धड आहे का? लांबट आहे. अंड्यासारखा."

नवरी सांगते, मशीन आलं तेव्हा आक्काचा चेहरा लाल झाला होता. डबा काढून घेतला तेव्हा पांढरा पडला. पण "लांबट" म्हटल्यावर जो रंग आला तो तिने पुन्हा कधी बघितला नाही.

घरी आल्या तर खोलीभर जळका वास. साहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या बरोबर पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. नवरी डोक्याला हात लावून बसली. आक्का कोपऱ्यात बसून पुटपुटत होती, "लांबट म्हणे. लांबट!"

"आक्का, उद्या सकाळी मशीन येणार आहे, आणि तुम्हाला लांबटचं पडलंय?"

"दोन्हींचं पडलंय."

नवरी शर्टाकडे बघत राहिली. आणि मग बघता बघता तिच्या डोक्यात उजेड पडला. "आक्का, साहेब शर्ट न्यायला कधी येणार आहेत ठाऊक आहे? दिवेलागणीला."

साहेब आले. नवरीने दिवा लावलाच नाही. "बसा ना साहेब, खिडकीशी बसा, वारा येतो. पाच मिनिटं, कॉलर राहिलीय." पाचची दहा झाली. आक्का दाराशी मुकी बसलेली. बाहेर मैदान करडं होत गेलं. "दिवा लावा ना," साहेब म्हणाले. "बल्ब गेलाय," नवरी म्हणाली. खोटं बोलली, हो. पण ज्यांनी पक्षी नाहीत म्हणून सही केली, त्यांच्यापुढे हे खोटं म्हणजे बच्चा.

आणि तेवढ्यात ती शीळ आली. एक. दोन. मग चढत चढत ती किंकाळी.

साहेब खुर्चीवरून ताडकन उठले. "कोण ओरडलं?"

"कोणी नाही साहेब," आक्का पहिल्यांदाच बोलली. "कागदावर नाहीत ते."

खिडकीतून समोरच दिसत होतं. कापलेल्या गवतात, मधल्या रेषेवर, लांब पायांची एक आकृती. चार पावलं पळाली. थांबली. मान काढली. वाकून काहीतरी उचललं. पुन्हा चार पावलं. थोड्या वेळाने पडीक कोपऱ्याकडून दुसरी आली आणि पहिली तिच्या जागेवर बसायला गेली. पाळी बदलली.

साहेब किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "हा तर त्या दुपारचा दगड."

"हो."

"आणि मी आठ पावलांवर होतो."

"हो."

मग साहेबांनी खिशातून पेन काढलं. म्हणाले, "सकाळी दुरुस्ती करून सही करतो. दोन पक्षी, दोन अंडी. त्या कोपऱ्यात आठ दिवस काम बंद. डबा आणि दोरीही घेऊन जा." माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना. पण खोड जाते का? शर्टाची गुंडाळी घेऊन उंबऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "पण एक सांगू का बाई, गोल मात्र लांबटच आहे."

दार लागलं. शर्टाची घडी त्यांनी घरी जाऊन उघडली असणार, कारण सकाळी सातला दार वाजलं.

"हा डाग कसला?" साहेब दारातच ओरडले.

आक्का पुढे झाली. "दाखवा. काल दिवेलागणीला बघितलात तेव्हा होता?"

"अंधार होता!"

"मग चुकीच्या वेळी बघितलंत. होतं असं." नवरीने मागच्या खोलीत जाऊन तोंडावर उशी धरली. नंतर तिने नवा शर्ट शिवून दिला, तो भाग वेगळा. उगाच कोणाचं नुकसान कशाला.

पुढचे आठ दिवस आक्काने त्या गोलाला हात लावला नाही. कडा पुसट झाल्या तरी पूड टाकली नाही. नवरी म्हणाली, "जरा नीट करून घ्या ना." तर डोळे वटारून म्हणाली, "म्हणजे नंतर दुरुस्त केला म्हणायला मोकळे? आहे तसाच राहू दे."

आठव्या दिवशी पहाटे दोन पिल्लं उन्हाच्या आधी गोलातून बाहेर पडली. अंगावर वाळूच्या रंगाची लव, पाय अंगापेक्षा मोठे. आईच्या मागे चार पावलं, थांब, चार पावलं, थांब. झुडपांपलीकडच्या माळात दिसेनाशी झाली. आक्का रेषेवर उभी राहून बघत होती. नवरीला वाटलं, रडते की काय. पण आक्काने नाक पुसलं आणि म्हणाली, "जा, साहेबांना बोलाव. आता गोल रिकामा आहे."

साहेब आले. मुकादमही आला, टोपी हातात धरून. जिथे अंडी होती तिथे दोनच कवचं पडली होती. आक्काने ती बाजूला ठेवली, अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवर खुंटी ठोकली, दोरी पाच पावलं मोजून गाठ मारली आणि दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं.

"चला. तुम्हीच फिरा."

साहेब दोरी ताणून फिरायला लागले. गाठ रेषेवर. पुढे, गाठ रेषेवर. अर्धा गोल झाला, गाठ रेषेवरच. मुकादम तोंड उघडं टाकून बघतोय. पाऊण गोल झाला आणि साहेब एकदम थांबले. चेहरा खुलला. "बघा! इथे दोन बोटं बाहेर आहे!"

आक्का चार पावलांत तिथे पोचली. वाकली. गाल जमिनीला लावला, एक डोळा मिटला. मग उठून मुकादमाकडे बोट केलं. "इकडे ये रे. ठेव पाय इथे."

मुकादमाने पाय ठेवला. पांढऱ्या पुडीत त्याच्या चपलेचा ठसा जसाच्या तसा बसला, अंगठ्यासकट.

"बोला साहेब."

साहेबांनी दोरी गुंडाळली. घसा खाकरला. "गोल आहे."

"कसा आहे?"

"गोलच आहे."

"लांबट?"

"नाही हो बाई, लांबट नाही!"

"हळू बोला," आक्का म्हणाली. "पिल्लं पलीकडे झोपलीत. पण अजून एकदा बोला. नवरीला नीट ऐकू आलं नाही."